बाहुली आकसते, आयरिस बाहेर येते: विस्को वापरताना या चुका टाळा

टनेलमधून, म्हणजे डोळ्यात शिरायच्या मुख्य छेदातून, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) डोकावली की हात आपोआप विस्कोच्या, म्हणजे डोळ्यातली जागा उघडी ठेवणाऱ्या घट्ट जेलच्या, सिरिंजकडे जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नवशिक्या सर्जनचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं. आयरिस बाहेर येते ती आतला दाब वाढला आणि त्या दाबाला सुटायला तुमचा टनेल सापडला म्हणून. त्यात आणखी विस्को भरला की दाब चढतो आणि आयरिस आणखी बाहेर येते. दोन-तीनदा असं झालं की तिचा रंग झडतो, कडा झिरझिरीत होते, बाहुली आकसून बसते आणि पुढचा प्रत्येक टप्पा जड जातो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी दाब सोडायचा, मग आयरिस आत घ्यायची, विस्को शेवटी आणि तोही थोडाच.

दाब सोडायचा तो साइड पोर्टमधून, म्हणजे बाजूच्या छोट्या छेदातून. कॅन्युलाच्या (बोथट पोकळ सुईच्या) टोकाने साइड पोर्टची मागची कड अलगद दाबा. थोडं पाणी आणि थोडा विस्को बाहेर येईल, डोळा मऊ पडेल. पुष्कळदा तेवढ्यावरच आयरिस आपली आपण आत सरकते. नाहीच सरकली, तर साइड पोर्टमधूनच बोथट स्पॅच्युला घालून तिला आतून मध्याकडे ओढून घ्या. मुख्य टनेलमधून बाहेरून आत ढकलत बसू नका. तुम्ही ढकलता तेव्हा टनेलचं तोंड उघडतं, पाणी बाहेर धावतं आणि आयरिस त्याच्यामागे पुन्हा येते. आत गेल्यावर डिस्पर्सिव्ह (पसरून जागेवर टिकणाऱ्या) विस्कोचा छोटा थेंब आयरिसच्या वर, टनेलच्या आतल्या तोंडापाशी ठेवा. कॅन्युलाचं टोक आयरिसखाली गेलेलं असेल, तर तोच थेंब तिला उचलून परत टनेलमध्ये घालतो. टोक दिसल्याशिवाय पिस्टन दाबायचा नाही.

हे सगळं करूनही डोळा मऊ होत नसेल, तर विस्को बाजूला ठेवा आणि कारण शोधा. स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारा चिमटा) घट्ट बसलंय का? रुग्ण श्वास कोंडून पडलाय का, खोकला दाबतोय का? प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना लघवीची कळ आलेली असते, पण डोक्यावर ड्रेप असताना बोलायचा त्यांना संकोच वाटतो. अशांना टेबलवर घेण्याआधी लघवीला पाठवाच. आणि डोळा एकाएकी दगडासारखा कडक झाला, चेंबर (आयरिसपुढची पोकळी) उथळ झालं, बाहुलीतून दिसणारी लाल चमक काळवंडली, रुग्ण कळवळला, तर डोळ्याच्या मागच्या थरात रक्तस्राव सुरू झालाय असंच धरून चाला. अशा वेळी विस्को भरत राहणं धोक्याचं आहे. टनेल ताबडतोब बंद करा, टाके घ्या, बाकीचं नंतर.

गोळीचं विचारायचं राहून जातं

इंदूरला आमच्याकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले मराठी आजोबा येतात, तसे धार, देवास, खरगोनकडचेही रुग्ण येतात. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की बीपी आणि शुगर एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न नेमका हवा: "आजोबा, लघवीसाठी रात्रीची गोळी घेता का? आधी कधी घेतली होती का?" माळव्यातल्या रुग्णाला "पेशाब की गोली" असं विचारावं लागतं. मग हळूच उत्तर येतं, "घेत होतो, पण आता बंद केली." बंद केली म्हणून निश्चिंत होऊ नका. 2005 मध्ये डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या नेत्रसर्जनांनी टॅमसुलोसिन (लघवीसाठीची हीच गोळी) आणि लुळी पडणारी आयरिस यांचा संबंध मांडला, आणि गोळी थांबवल्यानंतरही हा त्रास होतो हे तेव्हापासून ठाऊक आहे. शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवायला सांगून काही साधत नाही, उलट लघवी अडण्याची भीती.

सिलोडोसिन आणि अल्फुझोसिनही त्याच गटातली. ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्या दुसऱ्या औषधासोबतच्या जोडगोळीत टॅमसुलोसिन असतं, ते नजरेतून सुटतं. आणि हे औषध फक्त पुरुषांना देतात असं समजू नका. मुतखड्यासाठी ते बायकांनाही दिलं जातं. सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलीला गोळ्यांची पिशवीच आणायला सांगा. पाकीट डोळ्यांनी पाहावं.

अशा डोळ्यात तीन गोष्टी दिसतात: पाण्याच्या प्रवाहात आयरिस फडफडते, जखमांकडे धावते, आणि बाहुली शस्त्रक्रिया चालू असतानाच लहान होत जाते. बाहुली दोन हुकांनी ताणून मोठी करायची जुनी युक्ती इथे चालत नाही. ही आयरिस रबरासारखी परत जागेवर येते.

कुठला विस्को, कुठे

"सिस्टर, विस्को दे दो" एवढंच म्हणणं पुरेसं नाही. 2 टक्के एचपीएमसी हा विस्को स्वस्त असतो, सरकारी रुग्णालयात आणि शिबिरात तोच हाती येतो, आणि त्यावर उत्तम शस्त्रक्रिया होतात. पण त्याने बाहुली रुंद धरून ठेवावी ही अपेक्षा चूक आहे. प्रवाह सुरू झाला की तो निघून जातो, म्हणून तो वारंवार, थोडा थोडा भरावा लागतो. हायलुरोनेटचे कोहेसिव्ह प्रकार, म्हणजे 1 आणि 1.4 टक्क्यांचे, जागा छान करतात, पण ओढले की पाकाच्या तारेसारखे एकसंध बाहेर येतात. 3 टक्के हायलुरोनेट आणि 4 टक्के कॉन्ड्रॉयटिन सल्फेट असलेला डिस्पर्सिव्ह विस्को जिथे ठेवला तिथे बराच वेळ टिकतो. 2.3 टक्क्यांचा हीलॉन 5 हा हायलुरोनेटचाच विस्को बाहुली सगळ्यात चांगली उघडून धरतो, पण पाण्याचा प्रवाह आणि व्हॅक्यूम (मशीनची ओढ) कमी ठेवले तरच.

नेत्रसर्जन स्टीव्ह आर्शिनॉफ यांची 1999 ची सॉफ्ट शेल पद्धत इथे उपयोगी पडते: आधी डिस्पर्सिव्ह, मग त्याच्या खाली आणि मध्यभागी कोहेसिव्ह. मधला थर बाहुली उघडतो आणि पहिल्याला कॉर्नियाकडे व कडेकडे सारतो. लुळ्या आयरिससाठी डिस्पर्सिव्ह मुद्दाम कडेला, आयरिसच्या वर ठेवा आणि कोहेसिव्ह बरोबर मध्यात.

हायलुरोनेट फ्रिजमधून काढून लगेच भरू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि कुठलाही विस्को डोळ्यात घालण्याआधी कॅन्युलातली हवा बाहेर काढा. अडकलेला बुडबुडा रेक्सिसच्या (लेन्सच्या पिशवीत गोल खिडकी कापण्याच्या) वेळी नेमका मध्ये येतो.

एवढं करूनही बाहुली 5 मिलिमीटरच्या आत राहिली, तर नुसत्या विस्कोवर विसंबू नका. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं फिनाइलएफ्रिन किंवा अ‍ॅड्रिनलिन, योग्य तेवढं पातळ करून, चेंबरमध्ये देता येतं. त्यानेही भागलं नाही तर 6.25 किंवा 7 मिलिमीटरची, बाहुली ताणून धरणारी मॅल्युगिन रिंग किंवा आयरिस हुक. हा निर्णय रेक्सिसच्या आधी घ्या. रेक्सिसनंतर लहान बाहुलीत हुक घालताना कॅप्सूलची (लेन्सच्या पिशवीची) कड दिसत नाही, आणि तीच हुकात अडकते.

हायड्रोडायसेक्शनची घाई

हायड्रोडायसेक्शन म्हणजे पाण्याने लेन्स तिच्या पिशवीतून सुटी करणं. चेंबर विस्कोने तुडुंब भरलेलं असताना लेन्सखाली जोरात पाणी मारलं, तर ते पाणी जाणार कुठे? लेन्स वर उचलली जाते, मागून दाब येतो, आयरिस टनेलमधून बाहेर. पाणी सोडण्याआधी थोडा विस्को काढा, पाणी हळू सोडा, मध्येच लेन्सला अलगद दाबून अडकलेलं पाणी मोकळं करा. टनेल आखूड किंवा फार मागे झाला असेल तर इथे आयरिस हमखास येते. मग त्याच टनेलशी झुंजत बसू नका, टाका घेऊन दुसरीकडे नवा करा.

फेको (अल्ट्रासाउंडच्या टिपने मोतीबिंदू फोडून ओढणं) सुरू करतानाही टिपसमोरचा विस्को आधी ओढून घ्या आणि बाटलीच्या चेंबरमध्ये थेंब पडतायत का ते पाहा. जाड विस्कोने टिप तुंबलेली असताना अल्ट्रासाउंड दाबलं तर टनेल भाजतो. आणि टिप आत-बाहेर करताना आयरिस त्या मार्गात आलेली नाही ना, तेही बघत राहा.

आत राहिलेला विस्को

लहान बाहुलीच्या डोळ्यात विस्को बसवलेल्या कृत्रिम लेन्सच्या मागे आणि आयरिसच्या कडेखाली लपून राहतो, आणि तो पारदर्शक, त्यामुळे दिसत नाही. लेन्स दोन्ही बाजूंनी हलकेच हलवत मागचा विस्को काढा. मागे टिप न्यायची असेल तर कॅप्सूलवर नजर ठेवून. डिस्पर्सिव्ह प्रकाराला वेळ लागतो, तो द्या. राहिलेल्या विस्कोने पहिल्या काही तासांतच डोळ्यातला दाब चढतो, म्हणून ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांना त्याच संध्याकाळी तपासा, दुसऱ्या सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला घरी पाठवताना सोबतच्या माणसाला स्पष्ट सांगा: कपाळ ठणकलं, उलटी झाली, तर रात्रीच फोन करा.

आणि डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहा: टॅमसुलोसिन, बाहुली किती मिलिमीटर राहिली, कुठला विस्को, रिंग लागली की नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी कदाचित वेगळाच सर्जन असेल, आणि त्याच्या हातात हाच कागद असेल.