गावातली समानता आकड्यांत मोजताना

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात सर्वांत जास्त! भाषणात हा आकडा शोभतो, समानता मोजायला मात्र कुचकामी. चाकरमानी मुंबईत मोजले जातात, त्यांच्या बायका आणि म्हातारे आईवडील इथे. म्हणून आधी ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर काढा. पोरं काही नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. तिथे रत्नागिरी ९३६ वर येते. राज्याच्या ८९४ पेक्षा बरी, पण ११२२चा तोरा उरत नाही.

गावाचे आकडे जनगणनेच्या संकेतस्थळावर प्राथमिक जनगणना सारांशाच्या एक्सेल फाइलमध्ये मिळतात. आपल्या गावासोबत तशीच दोन-तीन गावं घ्या: खाडीकाठच्या गावाला खाडीकाठचंच, सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, नको.

साक्षरतेत बहुतेकांचं भाजक चुकतं. साक्षरता ७ वर्षांपासून पुढे मोजतात, म्हणून एकूण संख्येतून ० ते ६ची मुलं आधी वजा करा. समजा, स्त्रिया ६००, त्यांत लहान मुली ६०, साक्षर ४०५. पुरुष ५००, लहान मुलगे ६०, साक्षर ३९६. बरोबर हिशेब: ४०५ भागिले ५४० म्हणजे ७५ टक्के, ३९६ भागिले ४४० म्हणजे ९० टक्के. फरक १५ टक्केबिंदूंचा. वजाबाकी विसरलात तर ६७.५ आणि ७९.२ येतात, आणि फरक ११.७ वर घसरतो. दरी आपोआप बुजल्यासारखी दिसते. बरोबर हिशेबच उलट बाजूने मांडला तर निरक्षर स्त्रियांचं प्रमाण (२५ टक्के) पुरुषांच्या (१० टक्के) अडीचपट आहे. १५ टक्केबिंदू आणि अडीचपट, दोन्ही खरं, म्हणून दोन्ही लिहा. एकच लिहिणारा बहुधा सोयीचं तेच उचलतो. शिवाय गावात म्हाताऱ्या बायका जास्त असतील तर ही दरी आजच्या शाळेची नसून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शाळेची असते. वयोगटवार तक्ते गावपातळीवर नसतात, जिल्ह्याचे बघा.

कामाचा रकाना सर्वांत फसवा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’, त्याहून कमी तर ‘सीमान्त’. हंगामात काजू सोलणारी, पावसाआधी मासळी सुकवणारी बाई सीमान्तात जाते, नाहीतर ‘घरकाम’ म्हणून रकान्याबाहेरच राहते. कारण उत्तर बऱ्याचदा घरातला पुरुष देतो. स्वतः पाहणी केलीत तर बाईलाच विचारा, आणि ‘काम करता का?’ असं नको. मागच्या आठवड्यात काय केलं, गेल्या पावसाळ्यात काय, उन्हाळ्यात काय, असं एकेक विचारा. विनामजुरीचं कामही लिहून घ्या.

जातीची तुलना करायची तर अनुसूचित जाती आणि जमातींचे स्वतंत्र तक्ते आहेत, स्त्री-पुरुष वेगळे. त्यांची तुलना ‘एकूण’शी करू नका, कारण एकूणात ते स्वतः मोजलेले असतात. एकूणातून दोन्ही वजा करून ‘इतर’ काढा, मग तिन्हींचे स्त्री-पुरुष धरून सहा गट होतात.

गाव लहान असेल तर गुणोत्तर काढूच नका. वर्षात २४ जन्म, १४ मुलगे, १० मुली: हजारी ७१४. दोन मुलग्यांच्या जागी मुली जन्मल्या असत्या तर थेट १०००. अशा वेळी पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र करा किंवा नुसत्या संख्या द्या.