रेडिओ डॉक्युमेंट्री करायचीय? मग रेकॉर्डर लवकर चालू करा

महिन्याला दोन-तीन जण तरी विचारतात, ताई रेडिओ डॉक्युमेंट्री करायचीय, कुठला माइक घेऊ? माइकचं सांगते, पण आधी माझी फजिती ऐका.

पहिली डॉक्युमेंट्री करायला मी हर्णै बंदरावर गेले. विषय काय तर "कोकणातील नेपाळी खलाशी आणि मासेमारीचे बदलते अर्थकारण". नाव वाचूनच झोप यावी असं. प्रश्नांची दोन पानं घेऊन संध्याकाळच्या लिलावात पोचले, वारा भन्नाट सुटलेला, म्हणून रेकॉर्डरला ते केसाळ कव्हर चढवलं, तर पापलेटच्या वाट्यामागे बसलेली एक काकी ओरडली, "काय गो बाय, मांजराचं पिल्लू घेऊन फिरतंस काय!" सगळी जेट्टी हसली. (त्या कव्हरला डेडकॅटच म्हणतात, म्हणजे मेलेलं मांजर, काकी फार चुकली नव्हती.) आणि मी काय केलं, तर रेकॉर्डर बंद. का, तर मुलाखत अजून सुरू झाली नव्हती ना! कार्यक्रमाची सगळ्यात भारी सुरुवात अशी समोरून गेली, आणि हातात राहिली ती नऊ तासांची उत्तरं, ज्यात प्रत्येक खलाशी "सब ठीक है दीदी" एवढंच म्हणतोय.

माझ्या मते नवीन लोकांची मेन चूक हीच. आपण विषय घेऊन जातो आणि माणसाकडून त्या विषयाचा पुरावा मागतो, मग माणूस पण पेपरात छापल्यासारखं बोलतो. मला गोष्ट सापडली ती चौथ्या फेरीत, प्रश्न संपल्यावर. एक खलाशी होडीच्या कडेला बसून घरी व्हॉइस मेसेज करत होता, फोन तोंडाजवळ, मागे इंजिन, आणि बायकोला विचारत होता की पत्रे टाकले का घरावर. बस, त्याचं परदेशात राबणं, घर बांधणं, सगळं त्या पत्र्यात आलं. आधी विचारून ठेवलं होतं म्हणून रेकॉर्डिंग चालू होतं. नंतर त्यानं सांगितलं की रेकॉर्डिंगमधून कर्जाचा आकडा काढून टाका, गावात ऐकतील. काढला. जीव तुटला पण काढला, कारण त्याला त्या गावात राहायचंय, मला नाही.

ऐका भरपूर. बीबीसीवर १९५८ पासून निर्माता चार्ल्स पार्कर आणि गायक इवान मॅकॉल, पेगी सीगर यांनी रेडिओ बॅलड्स केले. तोपर्यंत साध्या माणसांचं बोलणं बरेचदा लिहून घेऊन नटांकडून वाचून घ्यायचे, यांनी कामगारांचे खरे आवाज घेतले, मध्ये गाणी गुंफली, निवेदक ठेवलाच नाही. १९६० चा त्यांचा सिंगिंग द फिशिंग हेरिंग पकडणाऱ्या मच्छीमारांवर आहे, त्याला प्री इटालिया हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात नॉरफोकचा म्हातारा सॅम लार्नर बोलायला लागला की मला आमच्या तांडेलांचा, म्हणजे होडीच्या कप्तानांचा, सूर ऐकू येतो, शब्द अर्धेच कळतात तरी. बोली साफ करू नका हे मी तिथं शिकले.

आता सामान. माइक अंगातच असलेला झूम कंपनीच्या टाइपचा साधा रेकॉर्डर चालतो, सेटिंग वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पण हेडफोन घातल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही म्हणजे नाही, कारण वाऱ्याची घरघर कानाला जाणवत नाही, माइकला जाणवते. माइक तोंडापासून वीतभर. प्रत्येक जागेचा दोन मिनिटं नुसता आवाज वेगळा घ्या, कुणी न बोलता, एडिटिंगला जोड लपवायला तोच कामी येतो. घरी आल्यावर त्याच रात्री ऐकून कुठल्या मिनिटाला काय आहे ते वहीत लिहा, उद्यावर टाकलं की मेलात. एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

पैशाचं खरं सांगते, नुसत्या डॉक्युमेंट्रीवर घर चालत नाही. आकाशवाणी रत्नागिरीसारख्या केंद्रांवर कॅज्युअलची, म्हणजे कायम नोकरी नसलेली, कामं निघतात, ऑडिशन द्या, उच्चार आणि वेळेचं भान तिथं घोटून होतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही, त्यामुळे तिथं असल्या विषयांना जागा कमीच. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे संस्थांनी आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवलेली छोटी केंद्रं, मात्र बघाच. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना परवानगी खुली झाली, २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी संगम रेडिओ सुरू केला, आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तिथं महिनाभर बसलात तर कोर्सपेक्षा जास्त शिकाल.

आणि एक, तयार झालेली डॉक्युमेंट्री ज्याची आहे त्याला आधी ऐकवा. मी त्या खलाशाला मे महिन्याच्या शेवटी ऐकवली, त्यानं एक इअरफोन कानात, एक माझ्या कानात असं अर्धा तास ऐकलं. वाटलं रडेल बिडेल. तो म्हणाला, "दीदी, ये इंजन हमारा नहीं है." खरंच नव्हतं, त्या दिवशीचं त्याच्या होडीचं रेकॉर्डिंग फाटलेलं म्हणून मी शेजारच्या होडीचं चिकटवलेलं. बदलायचं ठरवलं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि तो गावी निघालेला. ऑगस्टात होड्या परत पाण्यात गेल्यावर जाऊन त्याचं इंजिन आणलं.