दगडी मोझॅकला बसायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

फोटोच्या प्रत्येक चौकोनाला जवळच्या रंगाचा दगड निवडून देणारा प्रोग्राम लिहून फोटोचं दगडी मोझॅक करायचं असेल, तर कोडला हात सगळ्यात शेवटी लावायचा हे आधीच सांगून टाकते, मी उलटं केलं आणि दोन रविवार पाण्यात गेले. आधी फरशीवाल्याच्या वखारीत जा आणि कटाईत उरलेले तुकडे बघा. पांढरा मकराणा, काळा कडप्पा, हिरवट-राखाडी कोटा, पिवळा जैसलमेर, लालसर ढोलपूर, या पाचात आमच्या बोक्याचं चित्र आरामात बसलं कारण बोका मुळात त्याच रंगांचा आहे. निळं आकाश असलेला फोटो घेऊ नका, निळा दगड स्वस्तात मिळत नाही आणि प्रोग्राम बिचारा आकाशाला कोटा लावून मोकळा होतो.

मग माप. जागा 90 बाय 60 सेंटीमीटर, तुकडा 20 मिलिमीटर, सांधा 1 मिलिमीटर धरला तर आडवे 42 आणि उभे 28, म्हणजे 1176 तुकडे, वर तुटफुटीचे म्हणून दहा टक्के जास्त. फोटो तेवढ्याच चौकोनांचा करून लांबून बघा, मिशा जाणारच, पण डोळे ओळखू येत नसतील तर फोटो अजून जवळून कापा.

आता दगडांचे फोटो, इथे घाई नको. सीलर, म्हणजे दगडाने पाणी-डाग शोषू नयेत म्हणून लावायचं द्रावण, मारणार असाल तर मारून वाळवून मगच काढा, कोट्यावर ओलं फडकं फिरवून बघा किती गडद होतो ते, बरेच सीलर तसंच करतात. दिवसाउजेडी, सावलीत, शेजारी ग्रे कार्ड, म्हणजे फोटोतले रंग नीट जुळवायला वापरायचं राखाडी कार्ड, ठेवून. मी रात्री किचनच्या पिवळ्या दिव्याखाली काढले होते, प्रोग्रामला मकराणा आणि जैसलमेर एकच वाटले आणि बोक्याची पांढरी छाती हळद लावल्यासारखी झाली. एकाच लादीतले तुकडेही वेगळे दिसतात, त्यामुळे प्रत्येक दगडाचे दहाबारा तुकडे तरी घ्या, आणि रंगांची तुलना आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या आकड्यांत नको, लॅब (Lab) नावाच्या रंग मोजायच्या पद्धतीत करा, ते डोळ्याला जास्त पटतं.

तुकडे मोजून ठेवा, खरंच मोजा! नुसता जवळचा रंग शोधायला सांगितलं की प्रोग्राम पाचशे कडप्पा मागतो आणि डब्यात असतात तीनशे. हातातले तुकडेच चौकोनांना वाटून द्यायचे तर हंगेरियन अल्गोरिदम आहे, अमेरिकन गणितज्ञ हॅरल्ड कुनने 1955 मध्ये मांडलेला, आणि हे वाटप करणारं रेडीमेड फंक्शन पायथनच्या सायपाय (SciPy) लायब्ररीत मिळतं. डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या रंगाचा भास करणं, मात्र बंद, एवढ्या मोठ्या चौकोनांत तीळ सांडल्यासारखं दिसतं.

तुकडे कागदावर पालथे चिकटवणार असाल तर प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढायची. 7 बाय 7 चे गट केले की 24 कागद होतात, एक गट साधारण 15 सेंटीमीटरचा, एफोरवर आरामात मावतो. प्रिंट लेझरचीच घ्या, तुकडे बसवल्यावर कागद सोडवायला भिजवतात तेव्हा इंकजेटची शाई पसरते आणि मकराण्यावर डाग पडतो. तुकडे जागेवर चिकटवायला पांढरं अॅडेसिव्ह आणा, आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण पेन्सिलीने काढून ठेवा, नाहीतर मिस्त्री विचारणार, ताई शेपूट कुठल्या बाजूला?