'आपोस्त्रॉफ' कसा बघावा

पुण्यात माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणाऱ्यांना मी बर्नार पिव्होचा 'आपोस्त्रॉफ' हा लेखकांशी पुस्तकांवर गप्पांचा फ्रेंच टीव्ही कार्यक्रम बघायला लावतेच. १९७५ ते १९९०, शुक्रवारी रात्री, आंतेन दो वाहिनीवर, आणि तेही थेट. शनिवारी लोक दुकानांत त्याच पुस्तकांची मागणी करायचे. आता त्याचे तुकडे इना या संग्रहसंस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर सापडतात.

सुरुवात पाच-सहा लेखकांच्या भागाने करू नका. सगळे एकदम बोलतात, काही म्हणजे काही कळत नाही. आधी १९७५ची, 'लोलिता'कार नाबोकोव्हची मुलाखत लावा. गृहस्थ उत्तरं लिहून आणून, पुढ्यातल्या पुस्तकांआडून वाचत होते, त्यामुळे भाषा नेटकी आहे. नजर कधी खाली जाते ते बघा, मजा येते. त्यांच्यासमोरच्या चहाच्या किटलीत चहा नव्हता, व्हिस्की होती, हे पुढे पिव्होनेच सांगितलं!

मग गर्दीचे भाग. वहीत उत्तरं नको, पिव्होचे प्रश्न उतरवा. तो स्वतःला सामान्य वाचक समजून विचारायचा, म्हणून प्रश्न छोटे आणि अवघड. बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्या लेखकाचा चेहरा बघा. १९७८ला अमेरिकन लेखक बुकोव्स्की झिंगून मधेच उठून गेला, तो भाग सगळे हुडकतात. बघा, पण शिकण्यासारखं त्यात फारसं नाही.

यंत्राने दिलेल्या उपशीर्षकांत नावांची पार वाट लागते. लेखकाचं नाव ग्रंथालयाच्या सूचीत ताडून घ्या. आणि पुस्तक त्याच रात्री मागवू नका. गोड बोलणारे सगळेच बरं लिहितात असं नाही. आधी दहा पानं वाचा.