वृद्धाश्रमात भेटायला जाताना

आई-बाबा वृद्धाश्रमात असतील तर त्यांची हेळसांड किंवा मारहाण होत नाही ना, हे कळायला दर रविवारी ठरल्या वेळी जाऊ नका. मधल्या वारी, जेवणाच्या किंवा आंघोळीच्या सुमारास न कळवता जा. दादरहून विरार गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, पण मोडू द्या. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, माकडहाडापाशी जखम, वाढलेली नखं, सैल झालेले कपडे बघा. आणि सांभाळणाऱ्या मावशी खोलीत आल्या की आई-बाबांचं बोलणं तुटतं का? मग मावशींना बाहेर पाठवून आई-बाबांना एकट्यानं विचारा. "म्हातारपणी असं होतंच" हे उत्तर ऐकून घेऊ नका. तारखेसह फोटो काढा, डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन १४५६७, मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर थेट ११२.