चढाईच्या चित्रात जीव कसा आणला

कबड्डीचं एक डिजिटल चित्र करत होतो. बचावपटूनं घोटा धरलाय आणि चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावलाय. संदर्भाला घेतलेला फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेला होता, म्हणजे घामाचा थेंबही हवेत थिजलेला. शरीररचना तंतोतंत जमली, तरी गडी पुतळ्यासारखाच वाटत होता.

क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मोशन ब्लर, म्हणजे हालचालीच्या दिशेनं धूसर करणारा फिल्टर, मारून पाहिला. आकृती नुसती धूसर झाली, वेग काही आला नाही.

मग फोटो बंद केला. नव्या लेयरवर पकडलेल्या घोट्यापासून पुढच्या हाताच्या बोटांपर्यंत एकच ताणलेली वक्ररेषा ओढली आणि सगळं अंग त्या रेषेवर बसवलं. धड फोटोपेक्षा जरा लांबवलं. खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे झुकवली. जर्सीच्या चुण्या खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरप्या खेचल्या. माझ्या मते खरी कमाल या चुण्यांचीच. अंगातला पीळ कापडावर आधी दिसतो.

कडाही बदलल्या. घोट्यावरची बोटं धारदार ठेवली, कातडी दबून पांढरी पडलेली दिसेल इतकी. मोकळ्या पायाची मागची कड तेवढी हालचालीच्या दिशेनं पुसट केली. मातीही फक्त त्याच पायामागे उडवली.

बोटं आणि मध्यरेषा यांच्यात मात्र वीतभर अंतर मुद्दाम ठेवलं. हात टेकलेला दाखवला की गुण मिळतो आणि चित्रातला ताण तिथंच संपतो.