वजनाचं औषध चालू असताना ताट कसं वाढावं

सेमाग्लुटाइड या वजन कमी करण्याच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेतात. सुरुवात 0.25 मिलिग्रॅमने, पुढचा डोस डॉक्टरांनीच वाढवायचा. या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून सवयीने दोन ज्वारीच्या भाकरी आणि तेल ओतलेली कारळाची चटणी खाल्ली की मळमळते. अर्ध्या भाकरीपासून सुरू करा, पोट भरल्यासारखं वाटताच हात धुवा. ताटात उरलं तर उरू द्या.

खरी चूक वेगळीच होते. भूक मेली म्हणून माणसं चहा-खारीवर दिवस काढतात, मग चरबीसोबत स्नायूही झिजतात. आधी घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडी किंवा दही, भाकरी नंतर. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा, 10-10 च्या तीन फेऱ्या.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात चालणं सकाळी सातच्या आत उरका. उलट्या-जुलाबात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी, ताक घोट-घोट घेत राहा.

ऑर्लिस्टॅट या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या औषधाचं गणित निराळं. ते जेवणातल्या सुमारे 30 टक्के तेल-तुपाचं पचन अडवतं, त्यामुळे तर्रीदार रस्सा झाला की तेलकट जुलाब. इन्सुलिनही चालू असेल तर एकादशी धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम घसरू शकते.